गॅस येणार होता....

मंडळी, आज आधी भूगोलाची एक दुरुस्ती करून घेते. सगळं जग ज्याला 'दाभोळ प्रकल्प' म्हणतं तो दाभोळला नाही. कधीच नव्हता. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात. खाडीच्या मुखाशी दक्षिणेच्या अंगाला गोपाळगड आहे ना, त्या बाजूला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, रानवी आणि वेलदूर या गावांच्या जमिनीवर तो उभा राहिला. जमीन एकाची नि नाव दुसऱ्याचं! चिपळूणला इतकी वर्षं शिक्षकी केली, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तशी दाभोळला परदेशी माणसाची नवलाई नव्हती. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बहमनी राज्य हिंडला आणि परतीच्या प्रवासाला निघाला तो याच बंदरातून. १५०८ मध्ये पोर्तुगीजांच्या आल्मेदाने हे बंदर जाळलं. म्हणजे सौदे करणारे आणि आगी लावणारे, दोन्ही प्रकारचे पाहुणे या खाडीने पाहिलेले. असो.

हा विषय निघाला तो ह्यूस्टनच्या भाच्यामुळे. गेल्या महिन्यात त्याचा फोन होता. म्हणाला, "मावशी, इथली जुनी माणसं एन्रॉनचं नाव निघालं की मला दाभोळबद्दल विचारतात. खरं काय झालं गं तिकडे? एक म्हणतो कंपनीने लुटलं, दुसरा म्हणतो तुमच्या राजकारण्यांनी पळवून लावलं." मी म्हटलं, फोनवर होण्यासारखं नाही ते, सवडीने लिहिते. तर घ्या.

१९९१ पासून सुरुवात करायला हवी. त्या वर्षी परकीय चलन इतकं आटलं होतं की जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढेच डॉलर देशाकडे उरले होते. सोनं परदेशी पाठवावं लागलं. बायकांना हे चटकन कळतं, घरातलं सोनं बाहेर गेलं म्हणजे वेळ काय आली असेल ते! त्याच वर्षी सरकारने वीजनिर्मितीची दारं खाजगी आणि परदेशी कंपन्यांना उघडली. घातलेल्या भागभांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल असं धोरणातच लिहिलं. विजेचा तुटवडा होता, राज्यांच्या वीज मंडळांकडे पैसा नव्हता, जागतिक बाजारात आपली पत खालावलेली. अशा घरी जो सोयरा येतो तो आपल्या अटींवर येतो.

१९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली. १५ तारखेला आली आणि २० तारखेला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. पाच दिवस! निविदा मागवलेल्या नव्हत्या. आमच्या शाळेत बाकांची दुरुस्ती करायची म्हटली तरी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावी लागत.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एन्रॉन ही मुळात वीज कंपनी नव्हती, गॅसची कंपनी होती. १९८५ साली अमेरिकेतल्या दोन गॅस कंपन्या एकत्र येऊन ती झाली, नळवाहिन्यांतून नैसर्गिक वायू इकडून तिकडे नेणं हा तिचा धंदा. आखाती देशांत गॅस अमाप आणि तो घेणारा लांब. मग तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचा, म्हणजे त्याचं पाणी होतं आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होतं. तो खास जहाजांत भरायचा, दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवून पुन्हा वायू करायचा. एलएनजी म्हणतात तो हा. यातला प्रत्येक टप्पा इतका खर्चाचा की वीस-पंचवीस वर्षं हमखास घेणारं गिऱ्हाईक आधी पदरात असल्याशिवाय कुणी त्यात पैसा घालत नाही. असं गिऱ्हाईक उभं करणं म्हणजे अंजनवेलचं वीज केंद्र. माझ्या मते वीज हे निमित्त होतं, गॅस खपवायला जागा हवी होती. भारतात त्या वेळी एलएनजी उतरवून घेणारं एकही बंदर नव्हतं.

केंद्र सरकारने जागतिक बँकेला मत विचारलं. बँकेने एप्रिल १९९३ मध्ये लेखी कळवलं की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य दिसत नाही. आयात गॅसची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल आणि एवढ्या विजेला चोवीस तास मागणीही नसेल. मंडळी, हे कुणा मोर्चेवाल्याचं मत नव्हे, खाजगीकरणाचा जगभर आग्रह धरणाऱ्या बँकेचं! तरीही ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदीचा करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के एन्रॉन, १० टक्के जनरल इलेक्ट्रिक, १० टक्के बेक्टेल. एकाने मालकी घ्यायची, दुसऱ्याने यंत्रं विकायची, तिसऱ्याने बांधकाम करायचं.

मुलांना इतिहास शिकवताना मी नेहमी सांगे, तह समजून घ्यायचा तर त्यातली कलमं वाचा. (कोकणात कलम म्हटलं की हापूसच डोळ्यांपुढे येतो, ही कलमं वेगळी.) या करारातली मुख्य कलमं मी तुम्हाला खाणावळीच्या भाषेत सांगते. तुम्ही महिन्याचं ताट लावलंत. खाणावळवाला म्हणाला, जेवायला आलात किंवा नाही आलात, पैसे पूर्ण महिन्याचे. खाडे धरायचे नाहीत. केंद्र ९० टक्के वेळ तयार ठेवण्याची जबाबदारी माझी, तेवढं झालं की माझा ठरीव आकार तुम्ही द्यायचाच. भाजी महागली तर वाढीव दर तुमचा. आणि हिशेब डॉलरमध्ये, रुपया घसरला तर तेही तुमच्याकडे. त्यावर कळस म्हणजे तुम्ही पैसे दिले नाहीत तर तुमचे वडील देतील आणि वडिलांनी दिले नाहीत तर आजोबा देतील, असं लिहून द्यायचं. वडील म्हणजे राज्य सरकारची हमी आणि आजोबा म्हणजे केंद्राची प्रतिहमी. दोन्ही १९९४ मध्ये दिल्या गेल्या.

करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांना होता. २००१ मध्ये तो ४७ ला गेला. म्हणजे कंपनीने काहीही न करता आपलं देणं दीडपट झालं. पाचवीच्या मुलाला घालता येईल असं हे गणित आहे. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतले गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गणितं त्याच काळात कागदावर मांडून दाखवली होती. घोषणा देणारे पुष्कळ होते, आकडेमोड करणारे थोडे. संत २०१२ मध्ये अकाली गेले.

राजकारणाचा भाग तुम्हाला ठाऊकच आहे, भरभर सांगते. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही १९९५ च्या निवडणुकीतली मोठी घोषणा. युतीचं सरकार आलं, मुंडे समिती नेमली गेली, ३ ऑगस्ट १९९५ ला पहिला टप्पा रद्द आणि दुसरा नामंजूर. कंपनी लंडनला लवादाकडे गेली. इकडे सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की या करारात लबाडी झाली आहे. आणि मग.... नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्कबाई मातोश्रीवर आल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा उभा. आधीपेक्षा मोठा, २१८४ मेगावॅटचा! विजेचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणला, असं सांगण्यात आलं. वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीलाही मंजुरी दिली. समुद्र तिथेच राहिला, बुडायला काही आलं नाही.

तिकडे गावांत काय चाललं होतं? सरकारने उद्योगांसाठी म्हणून जमिनी घेतल्या. आंब्याची, काजूची झाडं गेली. वेलदूरच्या मच्छीमारांना भीती होती ती वेगळीच. वीज केंद्राचं गरम पाणी समुद्रात सोडणार, मग मासा खाडीच्या तोंडाशी येईल का? जमीनवाल्याला निदान सातबारा दाखवून भरपाई मागता येते. ज्याचं शेत म्हणजे समुद्र, त्याने कोणता उतारा दाखवायचा? माणसं रस्त्यावर बसू लागली. जमावबंदी, अटका, लाठ्या हे १९९७ साली तालुक्यात नित्याचं झालं. त्या वर्षीच्या ३ जूनला पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले आणि घरात असलेल्या बायकांना ओढून मारहाण झाली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी याची नोंद केली, आणि जानेवारी १९९९ मध्ये ह्युमन राइट्स वॉचने मोठा अहवालच काढला. प्रकल्पाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे त्यात लिहिलेलं आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच पैशाने बंदोबस्त! दरांचे वाद तज्ज्ञांनी घालावेत, पण ही गोष्ट समजायला तज्ज्ञ लागत नाही.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. आणि आता गंमत पाहा. गॅसवर चालायचं म्हणून एवढा घाट घातला, ते केंद्र चालू झालं नाफ्थ्यावर. गॅस दुसऱ्या टप्प्यात येणार होता. धक्का बांधला जात होता, टाक्या उभ्या राहत होत्या. ओमान आणि अबुधाबीशी करार झालेले होते. तोवर नाफ्था. त्याचा दर खनिज तेलाबरोबर चढतो, आणि १९९९ च्या सुरुवातीला पिंपामागे १०-१२ डॉलरला असलेलं तेल २००० मध्ये तिशीच्या पुढे गेलं. १ रुपया ८६ पैसे म्हणून सांगितलेली वीज साडेचार रुपयांच्या पुढे गेली, आणि ज्या महिन्यांत मंडळाने कमी वीज उचलली त्या महिन्यांत सात रुपयांच्याही पुढे. कारण खाडे नाहीत ना! ठरीव आकार थोड्या युनिटांवर वाटला की युनिट महाग होणारच.

बरं, ही वीज घ्यायची तर मंडळाला आपल्याच मालकीच्या, स्वस्त कोळशाच्या केंद्रांचं उत्पादन कमी करावं लागे. घरचं अन्न टाकून बाहेरचं जेवायचं. यात मंडळही धुतल्या तांदळाचं नव्हतं हो. गळती आणि चोरी मोठी, शेतीपंपांची वीज खर्चाच्या खूप खाली, वसुलीच्या नावाने बोंब. अशा गिऱ्हाइकाच्या एकट्याच्या भरवशावर जवळजवळ तीन अब्ज डॉलरचा डोलारा उभा केलेला. पैसे थकले, कंपनीने हम्या वटवायला काढल्या. मंडळाने जानेवारी २००१ मध्ये उलट ४०१ कोटींचा दंड लावला, का तर पूर्ण क्षमता गाठायला करारात लिहिल्यापेक्षा जास्त तास लागले. माजी गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिलमध्ये सगळ्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. २३ मे २००१ ला मंडळाने करारच मोडला. महिनाअखेर केंद्र बंद. दुसरा टप्पा तेव्हा सुमारे नव्वद टक्के बांधून झाला होता.

याच सुमारास जपानमध्ये एक जहाज बांधून तयार होत होतं. दाभोळसाठी गॅस आणायला मुद्दाम बनवलेलं. त्याचं नाव ठेवलं होतं 'लक्ष्मी'. ती आपल्याकडे गॅस घेऊन यायची होती, पण आणायचा कुठे? पुढे ते जहाज ओमानकडे गेलं आणि तिथल्या एका बंदराच्या नावावरून 'सोहार' झालं. मी इतकं सगळं वाचलं, पण मनात घर करून राहिलं ते हे जहाजाचं नाव बदलणं.

२ डिसेंबर २००१ ला एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. हिशेबच खोटे निघाले. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की कंपनी बुडाली म्हणून दाभोळ बंद पडलं. तारखा पाहा, दाभोळ आधी बंद पडलं.

यात आणखी एक मेख होती. ही देशातली त्या वेळची सर्वांत मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजली, पण त्यात कर्ज घातलं होतं आपल्याच स्टेट बँकेने, आयडीबीआयने, आयसीआयसीआयने, कॅनरा बँकेने, आणि हजारो कोटींचं. परदेशी भागीदारांनी आपल्या देशाचा विमा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांचा आधार घेतला. २००५ मध्ये तडजोड झाली तेव्हा जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी डॉलर आणि बेक्टेलला १६ कोटी डॉलर मिळाले आणि त्या मोकळ्या झाल्या. केंद्र आलं एनटीपीसी आणि गेल यांच्याकडे, रत्नागिरी गॅस अँड पॉवर अशा नव्या नावाने. मधली पाच वर्षं २१८४ मेगावॅटचं लोखंड खाऱ्या वाऱ्यात उभं होतं, आणि २००५ पासून उभा महाराष्ट्र भारनियमनात. दहावीची पोरं मेणबत्तीच्या उजेडात उजळणी करायची. त्यातलीच काही आज हे वाचत असतील.

भाच्याच्या प्रश्नाकडे येते. परदेशी पैसा मुळात वाईट, असं मला वाटत नाही. त्याचं कारण आपल्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला आहे, गुजरातेत दहेजला. पेट्रोनेट कंपनीने कतारशी जुलै १९९९ मध्ये करार केला, वर्षाला ७५ लाख टन एलएनजी, २५ वर्षं. या कंपनीत आपल्या चार सरकारी तेल-वायू कंपन्यांचा निम्मा वाटा, आणि फ्रान्सची गाझ द फ्रान्स तेव्हा १० टक्क्यांची भागीदार होती. परदेशी ज्ञान आलं, पैसाही आला, पण घरचे मालक घरातच राहिले. जानेवारी २००४ अखेर पहिलं जहाज दहेजला लागलं. नाव 'दिशा'. तिथला गॅस एका कर्जबाजारी मंडळाच्या गळ्यात पडला नाही, तो नळवाहिनीतून खत कारखान्यांना, उद्योगांना, शहरांना गेला. पहिली पाच वर्षं दरही बांधून घेतला होता.

आणि हो, खाडे न धरण्याचं कलम तिथेही होतंच! एलएनजीच्या धंद्यात ते असतंच. २०१५ मध्ये बाजारात गॅस स्वस्त झाला तेव्हा पेट्रोनेटने ठरल्यापेक्षा कमी उचलला. नियमाप्रमाणे हजारो कोटींचा दंड बसायला हवा होता. पण कतारने दंड माफ केला आणि दरही जवळपास निम्म्यावर आणला. त्यांना पुढेही आपल्याला गॅस विकायचा होता आणि आपल्याला घ्यायचा होता. दाभोळच्या कागदावर मंडळाची बाजू अशी आवळली होती की गिऱ्हाईक मेलं तरी चालेल, बिल वसूल व्हायला हवं. गिऱ्हाईक मेलं आणि बिलही राहिलं.

अंजनवेलला गॅस पुढे आला. २००७ मध्ये दहेजहून आलेल्या वाहिनीतून, नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला. तो आटला तसं २०१३ मध्ये केंद्र पुन्हा थंड पडलं. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेसाठी वीज बनू लागली, तो करार मार्च २०२२ मध्ये संपला. एलएनजीचा धक्का वीज केंद्रापासून वेगळा केला गेला. जानेवारी २०१३ पासून तिथे जहाजं लागू लागली, पण लाटा अडवणारा बांध एन्रॉनच्या काळापासून अर्धवट राहिल्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागे. आपला पावसाळा कुणाच्याच करारात बसत नाही.

या व्यवहारातल्या भ्रष्टाचाराची चौकशी व्हावी म्हणून चाललेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये बंद केलं. राज्य सरकारलाच ते पुढे चालवायचं नव्हतं, आणि मधे पंचवीस वर्षं गेलेली.

गुहागरकडच्या आपल्या नातेवाइकांपैकी कुणाकडे त्या वेळच्या भूसंपादनाच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, वर्तमानपत्रांची कात्रणं जपून ठेवलेली असतील तर मला जरूर कळवा. वेलदूरच्या बायकांचं म्हणणं तर मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. पाऊस उघडला की दिवाळीच्या आधी एकदा तिकडे जाऊन येणार आहे. गुडघे कुरकुरतात, पण एसटी दारापर्यंत नेते.